बेथेल : एका आश्रमाची कसोटी

ज्या घरांत एखादें मूल जन्मापासूनच बुद्धीनें अपुरें निघतें, त्या घराचा पिच्छा दोन प्रश्न कधींच सोडीत नाहींत. हें असें कां झालें, हा पहिला. आणि आईबापांच्या मागें या जिवाचें कसें होणार, हा दुसरा. पहिल्या प्रश्नाचें उत्तर वैद्यकशास्त्र आज पुष्कळ अंशीं देऊं शकतें. दुसऱ्याचें उत्तर शास्त्राच्या पोथींत सांपडत नाहीं. तें समाजाला स्वतःच्या वागणुकीनें द्यावें लागतें. युरोपांत एकोणिसाव्या शतकांत हें उत्तर देण्यास धर्मश्रद्धा पुढें आली. ख्रिस्ती धर्मसेवकांनीं अशा मुलामाणसांसाठीं आश्रम काढले, त्यांना घर दिलें, काम दिलें, आणि मरेपर्यंत सांभाळण्याचें वचन दिलें. विसाव्या शतकांत एका राजवटीनें त्याच आश्रमांच्या दारांत मोटारी उभ्या केल्या व आंतील माणसें मागितलीं. त्या वेळीं तें वचन कोठें टिकलें, कोठें मोडलें आणि कां मोडलें, हें जर्मनींतील बेथेल नांवाच्या वसाहतीच्या इतिहासावरून चांगलें समजतें.

आश्रम निघण्यापूर्वीं या लोकांची स्थिति काय होती हें थोडक्यांत सांगतां येईल. खेड्यांत जीं मुलें निरुपद्रवी असत, तीं गुरें राखीत, मिळेल त्या तुकड्यावर वाढत आणि टवाळखोरांच्या थट्टेचा विषय होत. ज्यांना अपस्माराचे झटके येत, त्यांच्यापासून लोक भीतीनें दूर राहत. शहरांत अशांची रवानगी दरिद्रीगृहांत, वेड्यांच्या इस्पितळांत किंवा तुरुंगांतहि होई. वेडा कोण आणि जन्मतः मंदबुद्धि कोण, हा भेदसुद्धां सरकारदरबारीं नीट केला जात नसे.

हा भेद ओळखून केवळ मंदबुद्धि मुलांसाठीं संस्था काढण्याचा पहिला गाजलेला प्रयत्न स्वित्झर्लंडमध्यें झाला. इ. स. १८३६ मध्यें योहान याकोब गुगेनब्यूल नांवाच्या तरुणाला आल्प्स पर्वतांतील एका खेड्यांत रस्त्याकांठच्या क्रुसासमोर एक खुजा, जडबुद्धि मनुष्य कांहींतरी पुटपुटत उभा असलेला दिसला. जवळ जाऊन ऐकतां तो प्रार्थना म्हणत होता. ज्याला दुसरें कांहीं येत नाहीं त्याला एवढें शिकवितां आलें, तर आणखी कां शिकवितां येऊं नये, या विचारानें गुगेनब्यूलला घेरलें. पुढें डॉक्टर म्हणून १८४१ च्या सुमारास त्यानें इंटरलाकेनजवळच्या आबेंडबर्ग नांवाच्या डोंगरावर संस्था उभारली. उंचावरील स्वच्छ हवा, दूध, स्नान, व्यायाम, शिक्षण आणि प्रार्थना असा तेथील क्रम होता. थोड्याच वर्षांत त्या डोंगराची कीर्ति युरोपभर झाली, आणि मोठमोठीं माणसें तो प्रयोग पाहावयास येऊं लागलीं.

परंतु गुगेनब्यूलनें जगाला सांगितलें तें असें कीं, हीं मुलें बरीं होतात. लोकांनीं पैसा दिला तो या आशेवर. संस्थापक देशोदेशीं हिंडूं लागला, आणि मागें मुलांची आबाळ होऊं लागली. १८५८ मध्यें ब्रिटिश सरकारचा स्वित्झर्लंडमधील वकील पूर्वसूचना न देतां आबेंडबर्गला गेला, तेव्हां खरी स्थिति बाहेर आली. चौकशी झाली, त्या विकाराचें एकहि मूल बरें झालेलें नाहीं असा निष्कर्ष निघाला. १८६३ मध्यें गुगेनब्यूल वारला व संस्थाहि टिकली नाहीं. तो विकार अन्नपाण्यांतील आयोडिनच्या अभावामुळें होतो हें पुढें कळलें. १९२२ पासून स्वित्झर्लंडमध्यें मिठांत आयोडिन घालण्यास आरंभ झाला आणि मग तो विकार जवळजवळ नाहींसा झाला. गुगेनब्यूलचा हेतु वाईट नव्हता. पण ‘बरें होणें’ हें माप त्यानें एकदां लाविल्यावर जें मूल बरें होऊं शकत नव्हतें त्याला त्या डोंगरावर कांहीं किंमत उरली नाहीं.

दुसरा मार्ग फ्रान्समध्यें दिसला. जॉन बोस्ट या प्रॉटेस्टंट धर्मोपदेशकानें १८४८ मध्यें नैर्ऋत्य फ्रान्समधील ला फोर्स या गांवीं अनाथ मुलींसाठीं घर काढलें. तेथें जडबुद्धि आणि अपस्मारी मुलेंहि येऊं लागलीं, तेव्हां त्यानें त्यांच्यासाठीं एकामागून एक वेगळीं घरें बांधलीं आणि त्यांना बेथेस्दा, सिलोए, एबेनेझर, बेथेल अशीं बायबलांतील नांवें दिलीं. सर्वांनीं नाकारलेल्या माणसाला आपण येशूच्या नांवानें घरांत घ्यावयाचें, हा त्याचा नियम होता. बरें करण्याचें वचन त्यानें कोणाला दिलें नाहीं. जवळ ठेवण्याचें तेवढें दिलें.

याच नमुन्यावर जर्मनींत वेस्टफालिया प्रांतांतील बीलेफेल्ड या कापडाच्या व्यापाराबद्दल प्रसिद्ध असलेल्या शहराजवळ १८६७ सालीं अपस्मारी रुग्णांसाठीं एक छोटें घर उघडण्यांत आलें. डोंगराच्या कुशींतील एका जुन्या शेतघरांत त्याची सुरुवात झाली. १८७२ मध्यें त्याचें चालकत्व फ्रीडरिश फॉन बोडेलश्विंग या धर्मोपदेशकाकडे आलें, आणि त्या छोट्या घराचें पुढें एक गांवच झालें. तेंच बेथेल. या हिब्रू शब्दाचा अर्थ देवाचें घर.

बोडेलश्विंग यांचा जन्म १८३१ मध्यें एका उमराव घराण्यांत झाला. वडील प्रशियाचे मंत्री. लहानपणीं खेळगडी म्हणून लाभला तो प्रशियाचा राजपुत्र, जो पुढें बादशहा तिसरा फ्रीडरिश झाला. तारुण्यांत त्यांनीं शेतीच्या मोठ्या इस्टेटीचा कारभार पाहिला, मग धर्मशास्त्राचा अभ्यास केला, आणि १८५८ मध्यें पॅरिसला जाऊन तेथील जर्मन मजुरांत, रस्ते झाडणाऱ्या गरीब कुटुंबांत काम केलें. परत आल्यावर ते वेस्टफालियांतील एका खेड्यांत धर्मोपदेशक झाले. तेथें जानेवारी १८६९ मध्यें, दोन आठवड्यांच्या आंत, त्यांचीं चारहि मुलें आजारानें दगावलीं. पतिपत्नीचें घर रिकामें झालें. या आघातानंतर तीन वर्षांनीं ते बेथेलला आले. पुढें त्यांना आणखी चार मुलें झालीं. त्यांतील धाकटा फ्रीडरिश याचें नांव या हकीगतींत पुन्हां येणार आहे.

बोडेलश्विंग यांच्या हातीं बेथेलची वाढ झपाट्यानें झाली. रुग्णांची शुश्रूषा सारेप्टा या धर्मसेविकांच्या संस्थेकडे व १८७७ नंतर नाझरेथ या पुरुष सेवकांच्या संस्थेकडे असे. एक मोठें इस्पितळ बांधून त्यांत शेंकडों रुग्ण कोंबण्यापेक्षां लहानलहान घरें बांधावीं, प्रत्येक घराला एक ‘आई’ व एक ‘बाप’ असावा, असा त्यांचा आग्रह होता. वसाहतीला स्वतःचें शेत, गोठा, बेकरी, सुतारशाळा, छापखाना होता. मध्यभागीं उंचावर १८८४ मध्यें बांधलेलें झायन चर्च. १९०८ पासून तर वसाहतींतील दुकानांत चालणाऱ्या खास नोटाहि बेथेल छापूं लागलें. अपस्मारी, मंदबुद्धि, मनोरुग्ण, बेकार भटके असे सर्व प्रकारचे लोक तेथें येत, आणि संस्थेचा लौकिक असा होता कीं, आलेल्याला परत धाडावयाचें नाहीं.

या वसाहतीचा प्राण म्हणजे काम. भिक्षेपेक्षां काम बरें, हें बोडेलश्विंग यांचें ब्रीद होतें. झटके येणाऱ्या, बोलतां न येणाऱ्या, दहापर्यंत मोजतां न येणाऱ्या माणसालाहि कांहीं ना कांहीं करतां येतें, आणि तें केल्यानें त्याला माणूस म्हणून मान मिळतो, ही त्यांची श्रद्धा होती. याचें सर्वांत सुंदर उदाहरण म्हणजे टपालाच्या वापरलेल्या तिकिटांचा उद्योग. १८८८ पासून बेथेलनें देशभर विनंती केली कीं, पाकिटांवरचीं जुनीं तिकिटें फेंकूं नका, आम्हांकडे पाठवा. पोत्यांनीं तिकिटें येऊं लागलीं. तीं कापावयाचीं, पाण्यांत भिजवून सोडवावयाचीं, वाळवावयाचीं, रंगाप्रमाणें व देशाप्रमाणें निवडावयाचीं; हें काम वसाहतींतील रहिवासी करीत, आणि तिकिटें शोकिनांना विकलीं जात. पांच हजारांना जेवूं घातल्यावर उरलेले तुकडे येशूनें गोळा करविले, या बायबलांतील कथेवरून जुन्या कपड्यांच्या व वस्तूंच्या संग्रहालाहि ‘तुकड्यांचा संग्रह’ असें नांव पडलें. लोकांनीं टाकून दिलेल्या वस्तु आणि लोकांनीं टाकून दिलेलीं माणसें, दोन्ही बेथेलला सारखींच जपून ठेवण्याजोगीं वाटत. १९१० मध्यें थोरले बोडेलश्विंग वारले, तेव्हां जर्मनींत या गांवाचें नांव न ऐकलेलें घर विरळा होतें.

येथपर्यंतचा इतिहास वाचून मन प्रसन्न होतें. तथापि याच काळांत दुसरी एक गोष्ट हळूहळू घडत होती. कामाचें महत्त्व सांगतां सांगतां कामाचें मापहि तयार झालें. किती काम करतो यावरून रुग्णांचे वर्ग पडूं लागले. आश्रमांच्या अहवालांत उपयुक्त हातांचा हिशेब येऊं लागला. दात्यांना व सरकारला पटवावयाचें म्हणजे असा हिशेब द्यावाच लागे. त्यामागें दुष्टपणा मुळींच नव्हता. पण हीच भाषा उद्यां दुसऱ्या कोणाच्या तोंडीं गेली तर काय होईल, हा विचार फारसा कोणीं केला नाहीं.

पहिल्या महायुद्धांत ती भाषा बदलण्यास आरंभ झाला. १९१४ ते १९१८ या वर्षांत जर्मनींत अन्नाची टंचाई झाली, आणि प्रथम हात आंखडला गेला तो मनोरुग्णांच्या व जडबुद्धींच्या ताटावरून. त्या चार वर्षांत जर्मन मनोरुग्णालयांत व आश्रमांत सुमारें ७०,००० माणसें उपासमारीनें व तज्जन्य रोगांनीं मेलीं असा अंदाज आहे. युद्ध संपल्यावर १९२० मध्यें कार्ल बिंडिंग हा कायदेपंडित व आल्फ्रेड होखे हा मनोविकारतज्ज्ञ या दोघांनीं एक पुस्तिका प्रसिद्ध केली. जगण्याच्या लायकीचें नाहीं असें जीवन नष्ट करण्यास कायद्यानें मोकळीक द्यावी, असें त्यांत प्रतिपादन होतें. युद्धांत तरुण मेले आणि निरुपयोगी माणसें मात्र सरकारी खर्चानें जगलीं, हा त्यांचा रोख होता.

या पुस्तिकेच्या विरुद्ध उभे राहिले ते सॅक्सनींतील काथारिनेनहोफ येथील मंदबुद्धि मुलांच्या आश्रमाचे प्रमुख डॉक्टर एवाल्ड मेल्ट्सर. आईबाप अशा गोष्टीला कदापि संमति देणार नाहींत, अशी त्यांची खात्री होती. ती सिद्ध करण्यासाठीं १९२० मध्यें त्यांनीं आपल्या आश्रमांतील २०० मुलांच्या पालकांना पत्रें पाठवून विचारलें : आपलें मूल कधींच सुधारणार नाहीं असें तज्ज्ञांनीं ठरविलें, तर वेदना न होतां त्याचें आयुष्य संपविण्यास आपण संमति द्याल काय? १६२ उत्तरें आलीं. त्यांपैकीं ११९ जणांनीं होय म्हटलें, ४३ जणांनीं नाहीं. मेल्ट्सर थक्क झाले. कित्येक पालकांनीं असेंहि सुचविलें कीं, हा प्रश्न आम्हांला विचारावयासच नको होता. मूल आजारानें गेलें एवढेंच कळविलें असतें तर बरें झालें असतें. मेल्ट्सर यांनीं ही माहिती दडवून न ठेवतां १९२५ मध्यें आपल्या पुस्तकांत छापली. ज्या हत्येला विरोध करण्यासाठीं तें पुस्तक लिहिलें, ती हत्या पुढें ज्यांनीं केली त्यांनीं त्याच आंकड्यांचा आधार घेतला.

या ११९ पालकांना निर्दय म्हणून मोकळें होणें सोपें आहे. युद्ध, उपासमार, आजूबाजूच्या लोकांचीं बोलणीं आणि दूरच्या आश्रमांत वाढणारें, सणासुदीला एखादे वेळीं दिसणारें मूल, या सर्वांनीं त्यांना तेथवर आणलें होतें. मेल्ट्सर यांच्या आश्रमांत त्या मुलांना रोज भरविणाऱ्यांना हा प्रश्न विचारला असता, तर उत्तरें कदाचित् निराळीं आलीं असतीं.

१९३१ मध्यें जर्मन प्रॉटेस्टंट सेवासंस्थांच्या तज्ज्ञांची ट्रेयसा येथें परिषद् भरली. जीव घेण्याची कल्पना तिनें साफ फेंटाळली. परंतु आनुवंशिक रोग असलेल्यांना संतति होऊं नये म्हणून शस्त्रक्रिया करण्यास कांहीं बाबतींत मान्यता दिली. दोन वर्षांनीं हिटलरची राजवट आली, आणि १४ जुलै १९३३ च्या कायद्यानें ती शस्त्रक्रिया सक्तीची केली. त्या कायद्याखालीं सुमारें ४ लाख माणसांवर ती लादली गेली. बेथेल यांत मागें राहिलें नाहीं. तेथील इस्पितळांत हजारावर माणसांवर अशा शस्त्रक्रिया झाल्या. या वेळीं बेथेलचे प्रमुख होते धाकटे फ्रीडरिश फॉन बोडेलश्विंग, थोरल्यांचे चिरंजीव. मृदु स्वभावाचे, सर्वांना आदरणीय. १९३३ च्या मे महिन्यांत जर्मन प्रॉटेस्टंट चर्चचे मुख्य बिशप म्हणून त्यांची निवड झाली होती, परंतु नाझी पक्षाच्या दडपणामुळें महिन्याभरांतच त्यांना तें पद सोडावें लागलें. अशा माणसानेंहि हा कायदा मान्य केला. पहिली पायरी अशी चढली गेली.

दुसरी पायरी १९३९ मध्यें आली. ऑक्टोबर महिन्यांत हिटलरनें एका चिठ्ठीवर सही करून असाध्य रुग्णांना ‘दयेचें मरण’ देण्याचा अधिकार कांहीं डॉक्टरांना दिला, आणि तारीख मात्र युद्धाच्या पहिल्या दिवसाची, १ सप्टेंबरची घातली. बर्लिनमधील टियरगार्टन रस्त्यावरच्या चौथ्या क्रमांकाच्या बंगल्यांतून कारभार चाले. देशांतील सर्व आश्रमांना छापील तक्ते पाठविण्यांत आले. रुग्णाचें नांव, रोग, किती वर्षें आश्रमांत आहे, वंश कोणता, खर्च कोण देतो, नियमितपणें भेटीस कोणी येतें काय, आणि काम काय व किती करतो, असे त्यांतील प्रश्न होते. भरलेले तक्ते तीन तज्ज्ञांकडे जात. रुग्णाला न पाहतां ते कागदावर खूण करीत : तांबडी अधिक-खूण म्हणजे मरण, निळी वजा-खूण म्हणजे जीवन. या कागदांचा पुढें अभ्यास करणाऱ्यांना असें आढळलें कीं, निर्णयांत सर्वांत जास्त वजन पडलें तें काम करण्याच्या कुवतीचें.

मारण्यासाठीं सहा ठिकाणें सज्ज करण्यांत आलीं. त्यांपैकीं दोन ठिकाणांची कथा येथें सांगितलीच पाहिजे. वुर्टेंबर्गमधील ग्राफेनेक हा टेंकडीवरचा जुना वाडा १९२९ पासून एका प्रॉटेस्टंट संस्थेचा अपंगांसाठींचा आश्रम होता. ऑक्टोबर १९३९ मध्यें सरकारनें तो ताब्यांत घेतला. राहणाऱ्यांना एका कॅथोलिक मठांत हलविण्यांत आलें. जानेवारी १९४० पासून तेथें विषारी वायूनें माणसें मारण्यास आरंभ झाला, आणि एका वर्षांत १०,६५४ माणसें मारलीं गेलीं. ऑस्ट्रियांतील हार्टहाइमचा वाडा असाच. १८९८ मध्यें एका राजपुत्रानें तो मंदबुद्धि मुलांसाठीं धर्मादाय दिला होता आणि कॅथोलिक भगिनी तेथें त्यांचा सांभाळ करीत. त्या वाड्यांत १९४० व १९४१ मध्यें १८,००० हून अधिक माणसें मेलीं. ज्या भिंती त्यांच्या आसऱ्यासाठीं धर्मानें उभ्या केल्या होत्या, त्यांतच त्यांचा शेवट झाला.

आश्रमांचे चालक यावर काय करीत होते? सर्वांचें उत्तर एकसारखें नाहीं. श्टेटेन येथील आश्रम १८४९ पासून चालत आलेला. प्रमुख लुडविग श्लाइख यांनीं अर्ज केले, विनवण्या केल्या, कांहीं नांवें यादींतून सोडविलीं. तरी १९४० मध्यें तेथून तीनशेंहून अधिक माणसें ग्राफेनेकला गेलीं. तीं मंदबुद्धि होतीं खरीं, परंतु आपणांस कोठें नेत आहेत हें त्यांतील पुष्कळांना उमगलें होतें; मोटारींत चढतांना कित्येकांनीं आकांत केला. बव्हेरियांतील नॉयेनडेटेल्साउ ही १८५४ पासूनची मोठी संस्था. तिच्यांतून बाराशेंच्या वर रहिवासी सरकारी इस्पितळांत हलविण्यांत आले; त्यांतील बहुतेक पुन्हां दिसले नाहींत. सरकारची आज्ञा पाळणें हेंहि धर्मकर्तव्यच, असें मानणारे पुष्कळ होते.

ज्यानें प्रथम ठाम नकार दिला तो बेथेलशीं संबंध असलेलाच एक माणूस. बर्लिनच्या उत्तरेस लोबेटाल येथें थोरल्या बोडेलश्विंग यांनीं १९०५ मध्यें एक वसाहत स्थापिली होती. पाउल गेरहार्ड ब्राउने हे तिचे प्रमुख. १९४० च्या मे महिन्यांत त्यांच्या देखरेखीखालील एका घरांतून पंचवीस मंदबुद्धि मुलींना हलविण्याचा हुकूम आला. ब्राउने यांनीं त्या दिल्या नाहींत. मग गुप्तपणें त्यांनीं देशभर चौकशी केली आणि ९ जुलै १९४० रोजीं सरकारला एक निवेदन सादर केलें. त्यांतील एक हिशेब लक्षांत ठेवण्यासारखा आहे. मेलेल्या रुग्णांच्या नातलगांना ग्राफेनेकहून अस्थिकलश येत, आणि प्रत्येक कलशावर क्रमांक असे. १२ मे रोजीं मेलेल्या एकाच्या कलशाचा क्रमांक १०९२ होता. २८ जून रोजीं मेलेल्या दुसऱ्याच्या कलशाचा ३१११. म्हणजे सुमारें शंभर खाटांच्या एका आश्रमांत ४७ दिवसांत २,०१९ माणसें मेलीं. शाळकरी वजाबाकीनें ब्राउने यांनीं सरकारचें गुपित सरकारच्या टेबलावर मांडलें. १२ ऑगस्टला गुप्त पोलिसांनीं त्यांना अटक केली व ऑक्टोबरच्या अखेरीपर्यंत कोठडींत ठेविलें.

बेथेलकडे तक्ते १९४० च्या जून महिन्यांत आले. धाकट्या बोडेलश्विंग यांनीं ते भरून देण्याचें नाकारलें. हिटलरचा डॉक्टर कार्ल ब्रांट, जो या सर्व प्रकाराचा एक सूत्रधार होता, त्याच्याशीं ते बोलत राहिले, पत्रें लिहीत राहिले, वेळ काढीत राहिले. फेब्रुवारी १९४१ मध्यें बर्लिनहून डॉक्टरांचें पथक बेथेलमध्यें येऊन रुग्णांची पाहणी करून गेलें. त्या पथकानें मनमानी करूं नये म्हणून बेथेलच्या डॉक्टरांनीं स्वतःच आधीं रुग्णांचे वर्ग पाडून ठेविले होते. आणि ते वर्ग पाडतांना त्यांनींहि पाहिलें तें मुख्यतः कोण किती काम करतो हेंच. हें जिवंत ठेवण्याच्या हेतूनें केलें, हें खरें. पण यादी ती यादीच. सुदैवानें ती वापरण्याची वेळ आली नाहीं. पथकानें निवडलेल्या रुग्णांना नेण्यासाठीं मोटारी बेथेलमध्यें आल्या नाहींत.

तथापि सर्व वांचले असें म्हणतां येत नाहीं. सप्टेंबर १९४० मध्यें आश्रमांतील ज्यू रुग्णांना वेगळें काढण्याचा हुकूम निघाला. बेथेलमधील कांहीं ज्यू रुग्णांना त्याप्रमाणें वुन्स्टोर्फ येथें पाठविण्यांत आलें आणि तेथून ब्रांडेनबुर्गच्या वायुगृहांत नेऊन मारण्यांत आलें. आलेल्या कोणालाहि परत न धाडणाऱ्या गांवांतून तीं माणसें गेलीं. हजारों वांचविल्याचें श्रेय बेथेलला देतांना या थोड्यांचा उल्लेख गाळणें इतिहासाला शोभणार नाहीं.

जाहीर आवाज उठला तो वर्षभरानें. ३ ऑगस्ट १९४१ रोजीं म्यून्स्टरचे कॅथोलिक बिशप क्लेमेन्स फॉन गालेन यांनीं चर्चमधील प्रवचनांत हा सर्व प्रकार उघड खून आहे असें सांगितलें. त्यांचा युक्तिवाद सरळ होता. निरुपयोगी माणसाला मारतां येतें असें एकदां मान्य केलें, तर म्हातारपणीं आपली कोणाची धडगत नाहीं, आणि लढाईंत हातपाय गमावून आलेल्या सैनिकाचीहि नाहीं. या प्रवचनाच्या प्रती हातोहात फिरल्या. २४ ऑगस्टला हिटलरनें वायूनें मारण्याचा कार्यक्रम थांबविण्याचा हुकूम दिला. तोंवर खुद्द मारेकऱ्यांच्या हिशेबाप्रमाणें ७०,२७३ माणसें मेलीं होतीं. त्यानंतरहि अनेक इस्पितळांत उपाशी ठेवून आणि औषधें टोंचून तोच प्रकार युद्ध संपेपर्यंत गुपचूप चालला. युरोपभर मिळून सुमारें ३ लाख रुग्ण व अपंग अशा रीतीनें मारले गेले असा अंदाज आहे. कार्ल ब्रांटला १९४८ मध्यें फांशी झाली. धाकटे बोडेलश्विंग १९४६ च्या आरंभींच वारले होते. सक्तीच्या शस्त्रक्रियेला बळी पडलेल्यांना न्याय फार उशिरां मिळाला : त्या न्यायालयांचे निकाल जर्मन संसदेनें १९९८ मध्यें रद्द केले, आणि ते व मारले गेलेले रुग्ण नाझी छळाचे बळी होत, असा ठराव जानेवारी २०२५ मध्यें झाला.

या इतिहासावरून श्रद्धा व्यर्थ ठरली असा निष्कर्ष काढणें अन्यायाचें होईल. ब्राउने आणि गालेन श्रद्धेच्याच बळावर उभे राहिले; आणि तक्ते भरून पाठविणारेहि त्याच प्रार्थना म्हणत होते. भेद पडला तो दुसरीकडे. प्रत्येक मनुष्य ईश्वराचा, म्हणून त्याला माप लावावयाचें नाहीं, हें मूळ तत्त्व ज्यांनीं व्यवहारांतहि सांभाळलें, त्यांना नाहीं म्हणणें शक्य झालें. ज्यांनीं आधींच बरें होण्याचें, उपयोगाचें, वंशाचें किंवा खर्चाचें माप थोडें थोडें मान्य केलें होतें, त्यांच्या हातीं सरकारचा तक्ता आला तेव्हां त्यांतील एकहि प्रश्न त्यांना परका वाटला नाहीं. बेथेलमध्यें हीं दोन्ही माणसें एकाच घरांत, कित्येकदां एकाच मनांत राहत होतीं.

ग्राफेनेकचा वाडा युद्धानंतर मूळ संस्थेकडे परत आला. आज तेथें पुन्हां अपंग माणसें राहतात व काम करतात, आणि १९९० मध्यें उभारलेलें स्मारक त्यांच्या शेजारींच आहे. बेथेलहि आहे. मोठ्या वसाहतींतून माणसांना काढून शहरांतील साध्या घरांत, शेजाऱ्यापाजाऱ्यांत ठेवावें, असें आतां त्याच परंपरेंतील लोक म्हणतात, आणि तसें करूंहि लागले आहेत. जुनीं टपालाचीं तिकिटें अजूनहि तेथें येतात व निवडलीं जातात.

ज्या घरानें आपलें एखादें मूल अशा एखाद्या आश्रमाच्या स्वाधीन केलें असेल, त्या घराला या सर्व हकीगतींतून एक साधी गोष्ट घेतां येईल. त्या छापील तक्त्यावर एक प्रश्न असा होता कीं, या रुग्णाला नियमितपणें भेटावयास कोणी येतें काय. विचारणाऱ्याला ठाऊक होतें कीं, ज्याच्यासाठीं कोणी येत नाहीं त्याच्याविषयीं कोणी विचारणारहि नाहीं. आश्रम कितीहि चांगला असो, चालक कितीहि धार्मिक असोत, घरच्या माणसांनीं ठरल्या दिवशीं गाडी पकडून तेथें जाणें, मुलाजवळ घटकाभर बसणें आणि डोळे उघडे ठेवून चार प्रश्न विचारणें, हें काम दुसऱ्या कोणाकडे सोंपवितां येत नाहीं.